हौशी हात आणि फरशांची भट्टी
हौशी लोकांना उत्खननात घेतलं की पुराव्याची माती होते, असं काही जण म्हणतात; ते मला अर्धंच पटतं. देखरेख नसेल तर होतेच. पण इंग्लंडमधल्या रनकॉर्नची नॉर्टन प्रायरी बघा. ११३४ साली इथे हलवलेला ऑगस्टिनियन पंथाचा ख्रिस्ती मठ. १९७१ पासून पुरातत्त्वज्ञ पॅट्रिक ग्रीन यांच्या देखरेखीखाली तो खोदला गेला आणि त्या कामात स्वयंसेवक भरपूर होते.

मला आवडतं ते भट्टीचं प्रकरण. मठाच्या फरशा भाजल्या ती मध्ययुगीन भट्टी सापडली, तर या मंडळींनी तशीच दुसरी बांधली, लाकडं पेटवली आणि नव्या फरशा भाजून पाहिल्या! नुसता अहवाल लिहून आच कशी खेळते ते कुठून कळणार? (घंटा ओतायचा खड्डाही तिथे सापडलाय.)