व्हिडिओ कॉल झाला म्हणजे माणूस खरा?

ऑनलाइन ओळखीतल्या प्रेमात फसू नये म्हणून सल्ला दिला जातो की एकदा व्हिडिओ कॉल करा, खोटा माणूस लगेच उघडा पडतो. पूर्वी हे बऱ्याच अंशी खरं होतं. आता चालू कॉलमध्येही दुसऱ्याचा चेहरा चढवता येतो. २०२४च्या ऑक्टोबरमध्ये हाँगकाँग पोलिसांनी २७ जणांना पकडलं, ते डीपफेक (एआयने बनवलेला खोटा चेहरा) वापरूनच प्रेमाचं जाळं टाकत होते.

शिवाय 'पैसे मागितले की सावध व्हा' हेही अपुरं वाटतं. हल्लीचे भामटे मागतच नाहीत! महिनाभर गोड बोलतात, मग सहज विषय काढावा तसं क्रिप्टोत (बिटकॉइनसारख्या आभासी चलनात) आपण किती कमावलं ते दाखवतात. त्यांनी दिलेल्या ॲपवर तुम्ही थोडे पैसे टाकता, नफा दिसतो, थोडी रक्कम काढूही देतात. (ही खरी मेख. इथेच शहाणी माणसं फसतात.) मोठी रक्कम गेली की काढताना 'आधी कर भरा' सुरू होतं. ॲपवरचे आकडे त्यांनीच रंगवलेले असतात.

समोरच्याचा फोटो सर्च इंजिनमध्ये टाकून तो आणखी कुठे वापरलाय का ते पाहा, पण तो कुठे सापडला नाही म्हणून निर्धास्त होऊ नका. आणि बुडालेले पैसे फी घेऊन परत मिळवून देतो म्हणणारा पुढे आला, तर तो बहुधा त्याच माळेचा मणी.