किशोर कादंबरीला ‘यातून मुलं काय शिकणार?’ हे विचारणं थांबवू या का?

वाचूआनंदे: पुण्यात आमच्या कोथरूडच्या वाचनकट्ट्यावर अमेरिकन लेखक जेसन रेनॉल्ड्सच्या ‘लाँग वे डाउन’ या किशोर कादंबरीवर (२०१७) बोलणं झालं. पंधरा वर्षांचा विल. भावाला गोळ्या घालून मारलंय. वस्तीचे नियम तीन: रडायचं नाही, चहाडी करायची नाही, सूड घ्यायचा. भावाचं पिस्तूल खोचून तो आठव्या मजल्यावरून लिफ्टनं निघतो. मजल्यामजल्यावर एकेक जण आत येतो, आणि आलेला प्रत्येक जण आधीच मेलेला. मिनिटभराचा प्रवास, सगळा मुक्तछंदात. तळमजल्यावर विल काय करतो ते पुस्तक सांगत नाही. लगेच शेरा पडला, ‘बोध नाही’. माझं म्हणणं, या वयाच्या कादंबरीला दोनच प्रश्न विचारा. बोलणारा आवाज खरंच पंधरा वर्षांचा आहे का? आणि निर्णय त्या मुलाचा आहे, की मागून लेखक-काका ढकलतायत? इथे दोन्ही उत्तरं लेखकाच्या बाजूनं आहेत.

शनिवारपेठी: पुस्तक मी विकत घेतो, तर प्रश्नही मीच विचारणार. तीनशे पानं, आणि निम्म्या पानांवर दहा-बारा ओळी. वर शेवट लटकता. याला धाडस म्हणायचं की सुटका करून घेणं? आणि तुमचा तो ‘आवाज’! हल्लीची चार इंग्रजी किशोर पुस्तकं उघडा, चारही जण ‘मी’ म्हणत वर्तमानकाळात धापा टाकतायत. नाव झाकलं तर कोण बोलतंय कळणार नाही.

वाचूआनंदे: धापांबद्दल मान्य, ती साथच आहे. पण इथे धाप कथेतूनच आली आहे. लिफ्ट चालू, वेळ संपतोय, म्हणून ओळ तुटते. कोऱ्या जागेचे पैसे लावायचे तर कवितासंग्रह कधी घ्यायलाच नकोत, नाही का? अमेरिकन ग्रंथपालांचा प्रिंट्झ पुरस्कार २००० पासून किशोरांसाठीच्या पुस्तकांना दिला जातो. लोकप्रियता हा निकष नाही आणि संदेशही नाही, असं त्यांच्या नियमांतच आहे. २०१८ मध्ये ‘लाँग वे डाउन’ त्यांच्या सन्मानयादीत होतं.

ग्रंथपालबाई: शाळेच्या ग्रंथालयात बसते म्हणून सांगते. नववीत क्लास सुरू झाले की वाचणारी मुलंही गळतात. त्यांना जाडजूड पुस्तक दिलं तर बुकमार्क वीस पानांपुढे सरकत नाही. ओळी कमी असलेलं हे पुस्तक ती एका बैठकीत संपवतात, आणि मग शेवटावरून भांडतात. शनिवारपेठी, तुमच्या ‘सुटके’वर त्यांचेही दोन तट पडलेले असतात.

मुठेकाठचा: पिस्तूल, टोळ्या… सिंहगड रस्त्यावरच्या पोराचा काय संबंध? आपल्याकडे मिलिंद बोकिलांची ‘शाळा’ (२००४) आहे की. आणीबाणीचा काळ, नववीतला जोशी, शिरोडकर. ती द्या.

वाचूआनंदे: जरूर द्या. पण ‘शाळा’त तरी बोध कुठे आहे, दादा? जोशी मुलींबद्दल जे विचार करतो ते कुठल्या पालकसभेत मोठ्यानं वाचून दाखवाल? माझे दोन्ही प्रश्न तिला लावून बघा. आवाज नववीतलाच राहतो, मोठेपणीचं शहाणपण मध्ये येत नाही.

मुठेकाठचा: म्हणूनच तर म्हणतो, परक्या पुस्तकाची गरज काय!

ग्रंथपालबाई: गरज अशी की ‘शाळा’ वाचून झाल्यावर मूल विचारतं, ‘असंच दुसरं?’ आणि मी कपाटासमोर उभी. बालभारतीचं ‘किशोर’ १९७१ पासून आहे, पण ते मासिक. अप्पा बळवंत चौकातल्या पुस्तकांच्या दुकानांत विचारलं तर एका बाजूला छोट्यांच्या गोष्टी, दुसऱ्या बाजूला दहावीची गाइडं. मधलं, आजच्या चौदा वर्षांच्या मुलाचं, मोबाइल-क्लास-सोसायटीतलं मराठी पुस्तक शोधताना दमायला होतं.

शनिवारपेठी: बाई, हे मात्र पटलं. तरी माझा आक्षेप उभाच. लिहिणारे मोठे, पुरस्कार देणारे मोठे, कट्ट्यावर चर्चा करणारे आपण पन्नाशीचे. आवाज पंधरा वर्षांचा आहे हे ठरवणार कोण? अमेरिकन लेखिका एस. ई. हिंटन यांनी ‘द आउटसायडर्स’ ही किशोर कादंबरी लिहिली तेव्हा त्या स्वतः शाळेत होत्या. १९६७ मध्ये ती प्रसिद्ध झाली. तसं कुणी लिहीत असेल तर बोला.

वाचूआनंदे: मग ‘शाळा’ही बाद करा, बोकील काही ती लिहिताना नववीत नव्हते! पण ठरवणार कोण, हा प्रश्न रास्त आहे. पुढच्या कट्ट्याला ग्रंथपालबाईंच्या वर्गातली दोन-तीन पोरं बोलवू, आपण मागच्या खुर्च्यांवर बसू.

शनिवारपेठी: बसू. पण दुपारी एक ते चारमध्ये ठेवू नका.