मदत हवी आहे: सेसनाची किल्ली हरवली, कुलपं बदलायची का?

नमस्कार मंडळी,

इथे टेक्सासात आम्ही तिघांनी मिळून एक जुनी सेसना १७२ (छोटं विमान) घेतली आहे, १९७६ ची. (बायकोच्या भाषेत 'उडती रिक्षा'.) रविवारी इंधन भरून घरी आलो तर खिशात जुडगा नाही. पंपापाशी, पार्किंगमध्ये, गाडीच्या सीटखाली, सगळीकडे पालथं घातलं. नाही म्हणजे नाही.

दुसरी किल्ली भागीदाराकडे आहे, त्यामुळे उडायची अडचण नाही. घोळ वेगळाच आहे. मीच शहाणपणा करून जुडग्याला विमानाचा नंबर लिहिलेली पट्टी लावली होती! तो नंबर इंटरनेटवर टाकला की मालकाचं नाव मिळतं. आणि विमान हँगरमध्ये नाही, उघड्यावर दोर बांधून उभं असतं.

भागीदार म्हणतो, "कशाला खर्च? ही कुलपं कुठल्याही किल्लीने उघडतात." मला थट्टा वाटली. मग शेजारच्या सेसनावाल्याला विचारून त्याची किल्ली आमच्या दाराला लावली. उघडलं की हो! इग्निशनला मात्र ती फिरली नाही.

तर दाराचं कुलूप बदलून काही साधतं का? आणि इग्निशन स्विच मी स्वतः बदलला तर चालेल का?

उडता_सोलापूरकर:
दाराचं सोडा हो. त्या कुलपाने वारा अडतो, चोर नाही. पुढच्या पंख्याला (प्रॉपेलरला) कुलूप लावा, लांबूनही दिसतं. फक्त उडण्याआधी काढायची आठवण राहू द्या.

इग्निशनला मात्र स्वतः हात लावू नका, ते परवानाधारक मेकॅनिकचं काम. मोटारीची सवय इथे नडते. अशा विमानाच्या इंजिनात दोन मॅग्नेटो असतात, ते आपली ठिणगी आपणच तयार करतात, बॅटरी लागत नाही. स्विच 'ऑफ' केला की त्यांची तार विमानाच्या धातूच्या सांगाड्याला जोडली ('ग्राउंड' केली) जाते, म्हणून ठिणगी थांबते. ती तार तुटली किंवा स्विच काढताना सुटली, तर किल्ली तुमच्या हातात असूनही पंखा नुसता हाताने फिरवल्यावर इंजिन सुरू होऊ शकतं. बेंडिक्स कंपनीच्या काही जुन्या स्विचांसाठी १९७६ चा एफएएचा (अमेरिकेच्या विमान वाहतूक नियामकाचा) आदेशच आहे: दर १०० तासांनी, इंजिन मंद चालू असताना किल्ली 'ऑफ'च्या टोकापर्यंत फिरवून ते खरंच बंद पडतं का बघायचं. तुमचा कुठला आहे?

धागाकर्ता:
बाप रे. परवाच विमान मागे ढकलताना मी पंख्याला धरलं होतं.

स्विच बेंडिक्सचाच आहे, आत्ताच लॉगबुक चाळलं. ती तपासणी शेवटची कधी झाली ते काही सापडत नाहीये. मेकॅनिक गुरुवारी येतोय. अख्खा स्विच बदलावा लागेल, की नुसता किल्लीचा गाभा बदलून भागतं? कुणी करून घेतलंय का?