मदत हवी आहे: पीसी ९७ डिग्रीला जातोय, आत लोखंडी धूळ, कॉम्प्रेसरनं साफ करू का?

नमस्कार मंडळी, घर कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरला, मागच्या भिंतीला लागूनच लेथ आणि ग्राइंडिंगचं वर्कशॉप. सकाळी कट्टा पुसला की संध्याकाळी परत बोटाला काळं लागतंय, आणि तीच धूळ आता पीसीत बसलीय. प्रोसेसर आय५ १०४००, कूलर बॉक्ससोबत आलेलाच, वेगळं ग्राफिक कार्ड नाही. बायको लग्नाचे व्हिडिओ एडिट करते, सीझनला रात्रभर रेंडर (एडिट झालेल्या व्हिडिओची शेवटची फाइल बनवणं) लावावा लागतो. नुसता चालू असला तर ५५-६०, रेंडर लावला की बघता बघता ९७ आणि फॅन असा बोंबलतो की आई आतनं विचारते मिक्सर कुणी लावलाय. मग मध्येच खटकन बंद, निळा स्क्रीन नाही काही नाही, इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (विंडोजची नोंदवही) फक्त कर्नल-पॉवर ४१.

झाकण काढलं तर हीटसिंकच्या (प्रोसेसरवरचा, उष्णता ओढून घेणारा धातूचा भाग) फटी दिसतच नाहीत, करडा थर. थोडी धूळ कागदावर झाडून, फ्रिजवरचं मॅग्नेट पिशवीत घालून वरनं फिरवलं तर बारीक काळे कण पिशवीला चिकटून उभे राहिले! म्हणजे हे साधं घरातलं जळमट नव्हे, करंट वाहणारी भानगड आहे.

वर्कशॉपचे मामा म्हणतात आण इकडं, कॉम्प्रेसरची हवा मारून चकाचक करून देतो. माणूस सोन्यासारखा, पण त्या नळीतनं पाण्याचे थेंब उडताना मी बघितलेत म्हणून जीव होत नाही. शिवाय मागं मोठं मशीन सुरू झालं की आमची ट्यूब मिचमिचते, तर हे बंद पडणं तापल्यामुळं का लाईटमुळं? यूपीएस आहे. दुकानवाला सरळ मदरबोर्ड बदला म्हणतोय, ते काय पटेना.

---

उत्तर १: भावा, कॉम्प्रेसर नको. टाकीत पाणी साचतं, तेल पण येतं, आणि त्या प्रेशरनं फॅन गरागरा फिरून बेअरिंग जातं. प्लग काढ, मऊ ब्रशनं धूळ सुटी कर, हातातला छोटा ब्लोअर मार, फॅनचं पातं बोटानं धरून ठेव. हवा गॅलरीत मार, नाहीतर तीच परत आत. कूलर काढलास तर प्रोसेसर आणि कूलरमधली जुनी थर्मल पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसून नवीन लाव, जुनी तशीच ठेवून परत बसवू नको.

उत्तर २: ४१ चा अर्थ एवढाच की विंडोज नीट बंद झाली नाही, कारण त्यात कळत नाही. पण या प्रोसेसरची मर्यादा १०० डिग्री, तिथं पोचला की तो आधी स्वतःच स्पीड कमी करतो. एकदम खटकन जातोय म्हणजे मला एसएमपीएसवर (पीसीला वीज पुरवणारा आतला डबा) संशय आहे, तीच धूळ त्याच्या पंख्यात पण असणार. तो मात्र उघडू नका, प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये चार्ज राहतो. ओळखीच्या कुणाचा तरी आणून लावून बघा, बोर्डाचं नंतर. आणि पीसी टेबलाच्या बंद कप्प्यात आहे का?

धागाकर्ता: हो, कप्प्यातच आहे, मागं वायरीपुरतं भोक. आत्ता बाहेर काढून झाकण उघडं ठेवून रेंडर लावलाय, ८१ वर थांबलाय. एसएमपीएस मेहुण्याचा मागवलाय. पण झाकण असं उघडं ठेवून या धुळीत किती दिवस चालवणार, पुढच्या जाळीला फिल्टर कुठला लावू?

उत्तर २: उघडं नकोच. पुढं आत घेणारे दोन फॅन, त्यांच्यावर बारीक नायलॉन जाळी, मागं बाहेर टाकणारा एकच. आत हवा जास्त राहिली की फटीतनं धूळ ओढली जात नाही. जाळी दर आठवड्याला धुवायची, वाळल्याशिवाय लावायची नाही.