एका ऑफिसात कामाला असले म्हणून कोणी सख्खे भाऊ होत नाहीत

सूक्ष्मदर्शी

परवा अनंतरंग यांचा 'निसर्गाचा एकच साचा' हा लेख वाचला. दोनदा वाचला, कारण पहिल्यांदा वाटलं माझंच काहीतरी चुकतंय. त्यातलं वाक्य जसंच्या तसं: "माणसाच्या एनके पेशीवरचे किर आणि उंदराच्या एनके पेशीवरचे लाय-४९ ही सख्खी भावंडं, फक्त नावं वेगळी." (एनके म्हणजे विषाणू लागलेल्या किंवा कर्करोगाच्या पेशी मारणाऱ्या पांढऱ्या पेशी; किर आणि लाय-४९ ही त्यांच्या अंगावरची, समोरच्या पेशीला चाचपणारी प्रथिनं.) खाली 'वा, सुंदर' आणि 'पुभाप्र'ची रांग. एकालाही शंका आली नाही. म्हणून हा वेगळा धागा.

काम एकच आहे, मान्य. समोरच्या पेशीवर एमएचसी क्लास-१ हे ओळखपत्रासारखं प्रथिन आहे का, हे चाचपायचं. असेल तर सोडायचं, गायब असेल तर संशय घ्यायचा. आतल्या शेपटीतली 'थांब' म्हणणारी आयटिमची खूणही दोघांत सापडते. पण बाहेरचा भाग बघा की! किरमध्ये इम्युनोग्लोब्युलिन (अँटीबॉडीत असते ती) घडीची दोन किंवा तीन डोमेन, म्हणजे स्वतंत्र घडी पडलेले तुकडे: बीटा पट्ट्यांचे दोन थर आणि त्यांना धरून ठेवणारा दोन सिस्टीनचा टाका. लाय-४९ सी-टाइप लेक्टिन या वेगळ्याच घडीच्या घराण्यातला, जोडीनेच राहणारा, आणि पेशीच्या पडद्यात चक्क उलटा खोवलेला. किरचं एन-टोक (प्रथिनाच्या साखळीची सुरुवात) पेशीबाहेर, याचं आत. किरची जनुकं माणसाच्या १९व्या गुणसूत्रावर, लाय-४९ ची उंदराच्या ६व्यावर. पकडसुद्धा वेगळी. किर एमएचसीच्या माथ्यावर, पेप्टाइड (प्रथिनाचा छोटा तुकडा) धरणाऱ्या खाचेवर बसतो. लाय-४९ खाचेच्या खालून, एमएचसीचं जोडप्रथिन असलेल्या बीटा-२ मायक्रोग्लोब्युलिनच्या बाजूने शिरतो. एक दारातून येतो, दुसरा मोरीतून.

घोड्यात लाय-४९ फोफावले, गाईत किर. दोन वेगळ्या घराण्यांनी एकच नोकरी धरली, इतकंच.

मला हे एवढं लागायचं कारण आहे. पीएचडीच्या पहिल्या वर्षी असाच एक 'सोपा' लेख वाचून मी माणसाच्या रक्तावर लाय-४९ ची अँटीबॉडी टाकली होती. सायटोमीटरच्या (पेशी मोजणाऱ्या यंत्राच्या) पडद्यावर सगळे ठिपके डाव्या खालच्या कोपऱ्यात, मुंग्यांसारखे गोळा, म्हणजे अँटीबॉडी कुठेच चिकटली नाही. तीन वेळा केलं. चौथ्यांदा सीनियरने बाटली उचलून लेबल वाचलं आणि विचारलं, "माणसात हे जनुक मोडून पडलंय, ठाऊक आहे ना?" ठाऊक नव्हतं.

अनंतरंग

ताई, लेख सामान्य वाचकांसाठी होता, तुमच्या जर्नल क्लबसाठी नाही. 'सख्खी' हा अलंकार समजा.

आणि मूळ मुद्दा तसाच उभा आहे. १९८२ साली ऑक्सफर्डच्या अ‍ॅलन विल्यम्स आणि गॅन्यों यांनी उंदराच्या मेंदूतल्या थाय-१ या प्रथिनाच्या अमिनो आम्लांचा क्रम काढला आणि तो निघाला अँटीबॉडीच्या डोमेनसारखा. मेंदू आणि थायमस, दोन्हीकडे तेच प्रथिन! या घराण्यातल्या कितीतरी डोमेनांची अमिनो आम्लं वीस टक्केसुद्धा जुळत नाहीत. क्रम झिजतो, घडी टिकते. तुमच्या कडक न्यायाने सीडी४ (टी पेशीवरचं प्रथिन) आणि अँटीबॉडीही परकेच ठरतील. ठरवा मग.

सूक्ष्मदर्शी

नाही ठरत. तिथे निव्वळ घडीवर भिस्त नाही. सिस्टीनमधलं अंतर, जवळचा ट्रिप्टोफॅन, बहुतेक ठिकाणी एक डोमेन म्हणजे एक एक्झॉन (जनुकाचा कामाचा तुकडा) आणि इंट्रॉन (मधले गाळले जाणारे तुकडे) त्याच चालीत तुटलेले, इतके पुरावे एकत्र येतात. आणि समजा घडीच खरी साक्षीदार. तरी तुमची सुटका कुठे होते? किर आणि लाय-४९ ची घडीच जुळत नाही. तुम्ही आपल्याच साक्षीदाराला खोटं पाडताय.

माजी लॅबकर

या सगळ्या गोंधळाचं मूळ सीडी नंबर, म्हणजे पेशींवरच्या प्रथिनांना दिलेले क्रमांक. १९८२ च्या पॅरिसच्या बैठकीपासून जी अँटीबॉडी ज्या क्रमाने मंजूर झाली तो तिच्या प्रथिनाचा नंबर. रेशन दुकानातल्या टोकनासारखं. सीडी१९ मध्ये इम्युनोग्लोब्युलिन घडी, शेजारचा सीडी२० चार वेळा पडद्यातून शिवलेला. सीडी९४ लेक्टिनवाला, सीडी१५८ म्हणजे आपले किर. पोरं मात्र नंबर म्हणजे घराणं समजून पाठ करतात आणि परीक्षक मार्क देतात. मी पंधरा वर्षं हे ओरडतोय.

अनंतरंग, तुमच्या 'घडी टिकते' वर एक प्रश्न. ई. कोलाय या जीवाणूच्या पॅपडी प्रथिनातही अँटीबॉडीसारखी घडी आहे. तोही आपला आजोबा का?

फावला_वेळ

लॅम्प्री हा आदिम मासा कसा विसरलात? जबडा नाही, आपल्यासारख्या अँटीबॉडी नाहीत. २००४ मध्ये कळलं की तिथे ल्यूसिन या अमिनो आम्लाच्या पुनरावृत्तींचे तुकडे जोडून रिसेप्टर बनतात. तरी पेशींत टी-सारख्या आणि बी-सारख्या अशी वाटणी आहेच. म्हणजे हत्यार बदललं, शिपाई जुनाच. सूक्ष्मदर्शींना +१, अनंतरंगांना +०.२५.

वहिनी_नागपूर

तुमचं घराणं-घराणं चाललंय म्हणून विचारते. माझ्या दिरांना बोन मॅरो हवा होता. तीन सख्खी भावंडं. डॉक्टर म्हणाले, "सख्खी आहेत, एक तरी जुळेलच." एचएलए तपासणी केली, एकही जुळलं नाही. सासूबाई रिपोर्ट हातात घेऊन म्हणाल्या, "माझ्याच पोटची ना ही?" आणि जावेच्या माहेरचे नको ते बोलायला लागले. हे कसं काय?

माजी लॅबकर

वहिनी, नको ते बोलणाऱ्यांना आधी गप्प करा. एचएलएची जनुकं ६व्या गुणसूत्रावर गठ्ठ्याने येतात, एक गठ्ठा आईचा, एक वडिलांचा. एका भावंडाशी पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक. तीन भावंडं असली तर कोणीतरी जुळण्याची शक्यता जेमतेम ५८ टक्के. 'जुळेलच' म्हणणाऱ्या डॉक्टरला बारावीचं गणित शिकवा.

रोखठोक

आमच्याकडे जातीतच लग्नं होतात, त्यामुळे मॅच पटकन मिळतो. पूर्वजांनी विचार करूनच ठेवलंय.

फावला_वेळ

पूर्वजांना एचएलए माहीत होतं? कमाल आहे. बंदिस्त गटात तेच गठ्ठे पुन्हा पुन्हा सापडतात, हे खरं. पण तिथेच थॅलसेमिया आणि सिकलसेलही मुक्कामाला राहतात, आणि मॅरो त्याच आजारांसाठी लागतो! आग लावायची आणि बंब आपलाच म्हणून मिरवायचं.

रोखठोक

तुमच्यासारख्यांना आपलं सगळं वाईटच दिसतं. परदेशात बसून शिकवू नका.

फावला_वेळ

मी सांगलीत बसलोय.

संपादक

जातीवर पुढचा एकही प्रतिसाद आला तर धागा वाचनमात्र होईल.

सूक्ष्मदर्शी

धागा पळवलाच आहे तर निदान माझ्या गावावरून न्या. वहिनी, किर याच एचएलएला (माणसाचं एमएचसी ते हेच), त्यातही एचएलए-सीला चाचपतात. पण किर १९व्यावर आणि एचएलए ६व्यावर, दोन्ही वारसे वेगवेगळे चालतात. पूर्ण एचएलए जुळलेल्या भावाचे किरही तेच असतील असं नाही. दीर कसे आहेत आता?

वहिनी_नागपूर

बरे आहेत. शेवटी मुलाचंच अर्धं जुळणारं घेतलं. डॉक्टर बदलले तेव्हा नव्यांनी सांगितलं की बाप-लेक किमान अर्धे जुळतातच, आणि नंतर सायक्लोफॉस्फमाइड हे औषध देऊन ते निभावता येतं. आता रोज सकाळी फिरायला जातात आणि भेटेल त्याला सांगतात, "माझा रक्तगट आता पोराचा." सासूबाईंना हे अजून पटलेलं नाही.

अनंतरंग

पॅपडीचं उत्तर माझ्याकडे नाही. लॅबकर, जिंकलात, मिठाई वाटा.

लेखात 'सख्खी भावंडं' काढून 'एका ऑफिसातले सहकारी' केलं आहे. शब्द सूक्ष्मदर्शींचे, श्रेय खाली दिलंय, उगाच भांडण नको. थाय-१ चा परिच्छेद मात्र तसाच राहील. आणि ताई, बाटलीवरचं लेबल आधी वाचलं असतंत तर माझ्या लेखावर एवढा राग निघाला नसता.

सूक्ष्मदर्शी

लेबल वाचलं होतं. त्यावर फक्त 'लाय-४९' लिहिलं होतं. माणसात चालत नाही हे आतल्या कागदावर होतं, आणि तो सीनियरने चहाच्या कपाखाली ठेवला होता.