आईच्या खुब्याचं ऑपरेशन: रॉड की प्लेट? लवकर सांगा

देवगडकर
आई पडली, खुबा मोडला. एक डॉक्टर म्हणतात रॉड, दुसरे म्हणतात प्लेटने भागेल. हाडं ठिसूळ आहेत. रॉड महाग पडतोय. चांगलं काय? सकाळी कळवायचंय.

रानमेवा
वय? मोडलंय नेमकं कुठे, मांडीच्या हाडाच्या वरच्या गोळ्याखाली जी मान असते तिच्यात की त्याखाली? खुबा म्हणजे काय एकच हाड आहे का?

बावनकशी
डोळे झाकून टायटॅनियमचा रॉड. स्टील घातलं की जन्मात एमआरआय होत नाही.

रानमेवा
काहीही! स्टील असलं तरी एमआरआय सहसा होतो, त्या जागेचं चित्र तेवढं बिघडतं.

भाऊ मालवणी
जोडूक बसा नकात, गोळोच बदला. आमची काकी चार दिसांत वॉकर घेवन चलाक लागली.

रानमेवा
भाऊ, मान मोडून सरकली असेल तर म्हातारपणी गोळा बदलतात. खाली मोडलं असेल तर सहसा जोडतातच.

देवगडकर
७८ वर्षं. रिपोर्टवर 'इंटरट्रोकँटेरिक, अनस्टेबल' लिहिलंय. कोल्हापूरला आणलंय.

सड्यावरचा
करूळ घाटातून गेलात का? रस्ता कसा आहे? आम्हाला शनिवारी यायचंय.

रानमेवा
घाटाचा वेगळा धागा काढा हो!
देवगडकर, हे आधी सांगायचंत ना. म्हणजे मानेच्या खाली मोडलंय आणि तुकडे जागेवर स्थिर राहणारे नाहीत. फ्रॅक्चर स्टेबल असतं तर प्लेट, म्हणजे डीएचएस (हाडाला बाहेरून प्लेट आणि तिचा स्क्रू गोळ्यात), रॉडइतकीच चालली असती आणि पैसेही वाचले असते. अनस्टेबलमध्ये, त्यातून मांडीच्या हाडाची बाहेरची भिंत फुटलेली असेल तर, प्लेटचा स्क्रू घसरत जातो, हाड खाली बसतं, पाय आखूड होतो. रॉड (पीएफएन) हाडाच्या पोकळीत बसतो, म्हणून भार जास्त झेलतो. त्याच रॉडच्या पीएफएनए या प्रकारात गोळ्यात जाणाऱ्या स्क्रूऐवजी पिळदार ब्लेड असतं. ते भुसभुशीत हाड कोरून न काढता दाबत शिरतं. पण कंपनीपेक्षा डॉक्टरांचा हात बघा. मी फिजिओ आहे. स्क्रूचं टोक गोळ्याच्या मधोमध आणि खोल हवं. समोरून आणि बाजूने काढलेल्या दोन्ही एक्स-रेत मिळून टोकाचं गोळ्याच्या शेंड्यापासूनचं अंतर २५ मिमीच्या आत. नाहीतर ठिसूळ गोळा फाडून स्क्रू बाहेर येतो.

गजाली
नाचणी द्या, सकाळचं ऊन द्या. हाडवैद्याचं तेलही आहे माझ्याकडे.

भाऊ मालवणी
तेलान खुबो बसता? कायपण सांगतास!

बावनकशी
फुले योजनेत बसतं का विचारा. रेशनकार्ड, आधार जवळ ठेवा. आणि नंतर ठिसूळपणाचं औषध सुरू करायला सांगा. वर्षातून एकदा सलाईनमधून देतात तेही आहे. नुसत्या कॅल्शियमवर राहू नका, नाहीतर दुसरा खुबा जातो.

देवगडकर
रॉडच सांगतो मग. पण रक्त पातळ करायची गोळी चालू आहे म्हणून पाच दिवस थांबा म्हणतायत.

रानमेवा
कुठली गोळी? क्लोपिडोग्रेल की वॉरफरिन? दोन्हींचा हिशोब वेगळा. शक्यतो दोन दिवसांत ऑपरेशन व्हावं. पडून राहिलं की न्यूमोनिया, गुठळ्या, पाठीला जखमा. भूलतज्ज्ञांशी आजच बोला.

देवगडकर
गोळ्यांचं पाकीट देवगडला राहिलं.

रानमेवा
मग शेजाऱ्यांना फोन करा, फोटो मागवा!