मे महिन्यात आंजर्ल्याला चार दिवस: वयस्कर मंडळी आणि मुलांसह काय करता येईल?

प्रश्न (निवडुंग)

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही सहा जण कोकणात दापोलीजवळच्या आंजर्ल्याला राहणार आहोत. सोबत आई-वडील आणि दोन शाळकरी मुले आहेत. वडिलांना गुडघ्यांचा त्रास असल्याने फार चढउतार जमणार नाही. मुलांना समुद्र जवळून पाहायचा आहे. पाण्यावरच्या स्कूटरी वगैरे खेळांत मात्र आम्हांला रस नाही. दुपारच्या उन्हात काय करावे, हेही सुचत नाही. कासवांची पिल्ले तेव्हा दिसतात का? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

खाडीकाठ

माझे माहेर याच पट्ट्यातले आहे. माझी पहिली विनंती अशी की दिवसाचा बेत घड्याळावर न आखता भरती-ओहोटीवर आखावा, कारण गावही त्याच वेळापत्रकावर चालते. आमच्याकडे हिशेब सोपा आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ साधारण कळते. चतुर्थीला तीनच्या सुमारास भरती, म्हणजे नऊच्या सुमारास ओहोटी. अष्टमीला सहाला भरती आणि बाराला ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेला उधाण असते, भरती बाराच्या आसपास येते आणि सकाळी व संध्याकाळी सहाच्या सुमारास पाणी नेहमीपेक्षा कितीतरी मागे जाते. उन्हाळ्यात मुलांना खडकांवर नेण्यासाठी याहून चांगली वेळ नाही.

तिथे घाई करू नये. खडकाच्या खळग्यात साचलेल्या पाण्याशेजारी काही मिनिटे स्तब्ध बसले, तर रिकामा वाटलेला शंख पाय काढून चालू लागतो आणि पाण्याखाली फुललेले समुद्रफूल बोटाचा स्पर्श होताच मिटून घेते. उचललेला दगड पुन्हा होता तसाच ठेवावा, कारण त्याच्या खालच्या बाजूला राहणारे जीव उन्हात मरतात. खडकांवर कालवे (खडकाला चिकटलेले शिंपले) काढणाऱ्या बायका दिसल्या, तर त्यांच्या वाटेत उभे राहू नये. पाणी परत येईपर्यंतचा थोडाच वेळ त्यांच्या हाती असतो. जिवंत शंख-शिंपले मुलांना घरी नेऊ देऊ नका.

एक गोष्ट मात्र निक्षून सांगते. जोग नदीच्या मुखाशी, विशेषतः ओहोटी लागल्यावर, कोणालाही पाण्यात उतरू देऊ नका. वरून शांत दिसणारे पाणी तिथे माणसाला बाहेर खेचते.

दर्यावर्दी

एक संध्याकाळ जवळच्या हर्णै बंदरातल्या मासळीच्या लिलावासाठी राखून ठेवावी. मोठ्या होड्या खोल पाण्यात उभ्या राहतात, मासळी लहान होड्यांतून आणि बैलगाड्यांतून किनाऱ्यावर येते आणि ओल्या वाळूवरच बोली सुरू होते. पश्चिम किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै या काळात यांत्रिक मासेमारीला बंदी असते, त्यामुळे मे महिना हा कोळी बांधवांसाठी हंगामाच्या अखेरच्या कमाईचा काळ आहे. म्हणूनच बोली चालू असताना मध्ये घुसून छायाचित्रे काढणे टाळावे. गर्दी ओसरल्यावर कोळणींशी बोलले, तर कोणता मासा कसा ओळखावा आणि कसा करावा हे त्या आपुलकीने समजावतात, असा माझा अनुभव आहे.

हर्णैसमोरचा सुवर्णदुर्ग हा जलदुर्ग 2025 साली युनेस्कोच्या जागतिक वारशात समाविष्ट झाला. तिथे होडीने जाता येते, परंतु उतरताना पाण्यात पाय घालावा लागतो, त्यामुळे आपल्या वडिलांना तो प्रवास सोसणार नाही. त्यांना कड्यावरच्या गणपतीला न्यावे. देवळापर्यंत गाडी जाते आणि तिथून किल्ला, खाडी आणि नारळी-पोफळींच्या वाड्या एका नजरेत दिसतात. मेच्या मध्यापासून वारा वाढू लागतो. तांडेल (होडीचा प्रमुख) नाही म्हणाला, तर आग्रह धरू नये.

रातांबा

दुपार घरातच घालवावी, आणि ती वाया जाईल असे समजू नये. मे महिन्यात आमच्या पडव्यांवर रातांब्यांचे (कोकमाच्या फळांचे) ढीग असतात. फळ फोडून गर वेगळा करायचा, साली त्याच्याच रसात बुडवून उन्हात वाळवायच्या आणि हे पुन:पुन्हा करत राहायचे, तेव्हा आमसूल तयार होते. शेजारीच ताटांत आंबापोळी वाळत असते. यजमानीणबाईंना आधी विचारले, तर त्या आपल्या आईंना आणि मुलांना आनंदाने कामात सामावून घेतील. मुलांना जुने कपडे घालावेत. रातांब्याचा डाग निघत नाही.

निवडुंग

सर्वांचे मनःपूर्वक आभार. कासवांबद्दल कोणी सांगू शकेल का?

खाडीकाठ

आपल्या तारखांना उशीर झालेला असेल. ऑलिव्ह रिडले माद्या साधारण नोव्हेंबर ते मार्च या काळात अंडी घालतात आणि सुमारे दीड-दोन महिन्यांनी पिल्ले बाहेर येतात, त्यामुळे ती मुख्यतः फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये दिसतात. सह्याद्री निसर्ग मित्र या चिपळूणच्या संस्थेने वेळासला संवर्धनाचे काम सुरू केले आणि पुढे ते आंजर्ल्यासह इतर किनाऱ्यांवरही पोहोचले. पुढल्या वर्षी मार्चअखेरीस यायचे असल्यास निवासाची नोंदणी आधीच करावी, कारण गावातल्या घरांत जागा मर्यादित असते. आणि पिल्ले पाण्याकडे निघाली की विजेरीचा प्रकाश किंवा कॅमेऱ्याचा फ्लॅश त्यांच्यावर पडू देऊ नका, कारण प्रकाशाने त्यांची दिशा चुकते.